किती, आणि कधीपर्यंत

प्रार्थना करताना भाऊ डोळे मिटत नसत. आमच्या लोणावळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे केव्हातरी कळायचंच. प्रार्थना लांबली की माणूस हळूच एक डोळा उघडतो, आणि उघडला की समोर भाऊंचे दोन डोळे सताड उघडे, थेट आपल्यावर. पाळकसाहेबांनी एकदा त्यांना याबद्दल विचारलं. भाऊ म्हणाले की त्यांची निम्मी प्रार्थना चालत्या इंजिनात झालेली आहे, आणि तिथे डोळे मिटले असते तर आज हा प्रश्न विचारायला समोर कुणी नसतं.

ते रेल्वेत ड्रायव्हर होते. शेवटची बरीच वर्षं बँकरवर. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं लावतात, ती बँकर. पुढच्या डब्यातल्या लोकांना आपल्याला मागून कुणी ढकलतंय याचा पत्ताही नसतो, आणि घाट संपला की इंजिन सोडवून ठेवतात, गाडी पुण्याकडे निघून जाते. भाऊंना यात काही वावगं वाटत नसे. मूळचे ते नगरकडचे, पण निवृत्तीनंतर इथेच राहिले. बायको आधीच गेली होती. वलवणकडच्या दोन खोल्यांमध्ये एकटेच असत.

मला ते 'वहीबाई' म्हणत. मी शाळेच्या कार्यालयात काम करते आणि मंडळीतल्या विनंत्यांची वही माझ्याकडे आहे. दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. लोक आपापल्या विनंत्या सांगतात, आणि मग सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. मला वही मिळाली तेव्हा तिच्यात काही पद्धत नव्हती. मी रकाने आखले : प्रकृती, परीक्षा, नोकरी, प्रवास, इतर. सभा दोन तास चालायची ती तासावर आली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. भाऊ म्हणाले, "पार्सल ऑफिस केलं बाईंनी."

त्यांची तक्रार रकान्यांबद्दल नव्हती, मोघमपणाबद्दल होती. कुणी "जगात शांती नांदावी म्हणून" अशी विनंती सांगितली की ते खुर्चीत चुळबुळ करत. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत. किती, आणि कधीपर्यंत. कुणी "घरात सुख असू दे" म्हटलं तर ते विचारत, म्हणजे नेमकं काय पाहिजे? नळाला पाणी पाहिजे का? मग किती वाजता आलं तर तुम्हाला पुरेल? माणूस गोंधळून "सातच्या आत" म्हणे, आणि भाऊ तशी प्रार्थना करत. ऑगस्टात लोणावळ्यात कपडे वाळत नाहीत, तर ते कोरड्या मोज्यांसाठी प्रार्थना करत. दोन जोड, रविवारच्या आत. बुटांसाठी मागितलं तर देवाला नंबरही सांगत. शेजारच्या आजींना तीन दिवस शौचाला झालं नव्हतं, ते त्यांनी भर सभेत, ज्या घरी सभा होती त्या घरच्या सुनेच्या माहेरची माणसं बसलेली असताना, देवाला स्पष्ट शब्दांत कळवलं. आजींना गुण आला. सुनेने मात्र पुढे वर्षभर सभा आपल्या घरी घेतली नाही.

पाळकसाहेबांनी त्यांना समजावून पाहिलं की प्रार्थनेत आधी आत्म्याचं बघावं, शरीराचं नंतर. भाऊ म्हणाले, "साहेब, प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आधी भाकर हाय, क्षमा तिच्या मागून येती. उपाशी माणसाला क्षमा मागायला जोर कुटनं येणार?" साहेबांकडे यावर उत्तर असणारच, ते शिकलेले आहेत. पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला आणि विषय सोडला.

अजून एक खोड होती. विनंती सांगून झाली की शेजारी बसलेल्याने ती मोठ्याने पुन्हा म्हटली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. इंजिनात तसा नियम असतो. सिग्नल दिसला की ड्रायव्हर रंग मोठ्याने बोलतो आणि असिस्टंट तोच रंग पुन्हा बोलतो. एकाची नजर चुकली तर दुसऱ्यामुळे कळतं. आमच्या सभेत त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकू येई. "गुडघा." "गुडघा." "डावा." "डावा." बाहेरून जाणाऱ्याला आम्ही पाढे म्हणतोय असं वाटत असेल.

प्रार्थनेच्या उत्तराच्या बाबतीतही त्यांचं वागणं विचित्र होतं. एकदा त्यांनी सभेत मागितलं की रविवारी उपासनेला येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना हमरस्ता ओलांडायला फट मिळू दे. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग इतकी लागते की पलीकडच्या माणसाला हाक मारावी, जाऊ नये. पुढच्या रविवारी सकाळी मी पोहोचले तर भाऊ भर रस्त्यात उभे, हातात रेल्वेतला जुना लाल बावटा. मागे हॉर्नचा कल्लोळ. एका मोठ्या गाडीतल्या तरुणाने काच खाली करून विचारलं, काका, हे काय चाललंय. भाऊंनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "सिग्नल लाल हाय." दोन्ही म्हाताऱ्या सावकाश, छत्र्या टेकत, पलीकडे गेल्या. मग त्यांनी बावटा गुंडाळून खिशात ठेवला आणि उपासनेत उशिरा आल्याबद्दल पाळकांची माफी मागितली.

आम्ही हसलो होतो. आपण मोठ्याने मागितलेली गोष्ट ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी उठून करायची असते, ही त्यांच्या लेखी सरळ कामाची पद्धत होती. हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं, कारण त्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा मलाच झाला.

माझे वडील आमच्याकडे असतात. चार वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढत गेलंय. मला ते कधी ताई म्हणतात, कधी ओळखतच नाहीत. दार उघडून निघून जातात, गॅस सुरू करतात, आणि रात्री त्यांना झोप नसते म्हणून मलाही नसते. सकाळी मी शाळेत असेपर्यंत जवळच्या औंढे गावच्या मावशी पगारावर येऊन बसतात. एक वाजता त्यांना गावाकडे परतावं लागतं. नवरा तळेगावच्या कारखान्यातून आठला येतो. मधले सात तास माझे, फक्त बुधवारी सभेपुरती शेजारीण बसते. मी सगळं लिहून ठेवते, औषधांच्या वेळा, अंघोळ, कुलपांच्या किल्ल्या कुठे लपवल्या ते. यादी केली की काम अर्धं होतं असं मी लोकांना सांगत असे. त्या दिवसांत यादी करतानाच पेन हातातून गळून पडत होतं.

एका बुधवारी मी वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे 'सामर्थ्यासाठी' एवढंच. सभा संपल्यावर भाऊ पायरीवर थांबले होते.

"सामर्थ्य म्हंजी काय पायजे?"

तसं विशेष काही नाही, मी म्हटलं.

"वहीबाई, तुमी 'हे प्रभू' म्हनता आन् तितंच डुलकी घेता. माझे डोळे उघडे असत्यात."

मला रडू आलं, आणि रडायलाही कंटाळा आला. मी म्हटलं, झोप.

"किती?"

"दोन तास मिळाले तरी पुरेत."

"कवा?"

"दुपारी. दोन ते चार."

"दोन तास. दोन ते चार," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत थांबले. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना पुनरुच्चार हवाय. मी पुन्हा म्हटलं. पायरीवर, चपला घालत.

शुक्रवारी दोनला पाच कमी असताना दारावर थाप पडली. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी ते येत राहिले, दीड वर्ष. एकही खाडा नाही. वडिलांना खिडकीशी बसवत आणि शेजारी आपली खुर्ची ओढत. रस्त्यावरून जे जाईल त्याचा रंग भाऊ मोठ्याने सांगत. "पांढरी जीप." वडील म्हणत, "पांढरी जीप." "हिरवा टेम्पो." "हिरवा टेम्पो." ज्या माणसाला मुलीचं नाव आठवत नव्हतं तो दोन तास एकही रंग चुकत नसे. आतल्या खोलीत मी पडलेली असे आणि ते दोन आवाज ऐकता ऐकता मला झोप लागे. तशी झोप मला आधी कधी लागली नव्हती आणि नंतरही लागलेली नाही.

चारला उठून मी चहा करी. दुपारी येण्याआधी भाऊ जेवत नसत, म्हणून त्यांच्यासाठी भाकरी-भाजी झाकून ठेवलेली असे. ती त्यांनी केव्हाही खावी. त्या ताटाबद्दल पहिल्यांदा बोलल्या त्या औंढ्याच्या मावशी. भाऊंबद्दल त्यांचं मत सुरुवातीपासून ठरलेलं होतं. "तुमचा म्हातारा देवाला किराण्याची यादी देतुया. आमचा देव बरा, नारळावर भागतंय." पण त्या दिवशी त्या खिडकी पुसताना म्हणाल्या, "ताई, भाऊ भाकर खात न्हाईत बरं का. कट्ट्यावर तुकडं पडल्याती. कावळ्याला घालत्यात."

कवळी बसत नसेल, मी म्हटलं.

"कवळीवालं कालवणात बुडवून खात्यात. हितं बुडवल्यालं तुकडं बी टाकल्यात."

मी बघते म्हटलं. वडिलांच्या गोळ्यांच्या डबीत वार भरत होते तेव्हा. नंतर बघितलं नाही. मी चारला उठत होते आणि चारला ताट रिकामं असे, एवढं मला पुरत होतं.

त्याच सुमारास सभेतला वेळ पुन्हा वाढायला लागला होता, म्हणून पाळकसाहेबांच्या संमतीने मी चिठ्ठ्यांची पद्धत आणली. तोंडी कुणी सांगायचं नाही. चिठ्ठी माझ्याकडे द्यायची, मी रकान्यात बसवून वाचणार. खरं सांगायचं तर तो नियम भाऊंसाठीच होता. पोटाबद्दल आणि लघवीबद्दल भर सभेत ऐकायला लोक कंटाळले होते. भाऊंनी नियम पाळला. रेल्वेतला माणूस, परिपत्रक आलं की विषय संपला.

त्यांची चिठ्ठी अजून माझ्या वहीच्या खिशात आहे. मागे जुन्या कॅलेंडरच्या तारखा, पुढे बॉलपेनने, सरळ अक्षरात : 'घास छातीत अडकतो. भाकर भिजवली तरी. दीड महिना झाला. गिळायला पायजे. नाताळाच्या आत.'

मी ती वाचली. ज्यांच्या घरी सभा होती तिथे जेवणाची मांडामांड चालली होती, ताटांचा आवाज येत होता, आणि घास अडकण्याबद्दल वाचायला ती वेळ बरी नाही असं मला वाटलं. मी 'प्रकृती' रकान्यात लिहिलं, 'भाऊंच्या प्रकृतीसाठी'. त्या आठवड्यात त्या रकान्यात सहा नावं होती. मी वाचलं. भाऊंच्या शेजारी बसलेल्याने पुन्हा म्हटलं, "भाऊंच्या प्रकृतीसाठी." मी वहीतून वर बघितलं तर भाऊ माझ्याकडे बघत होते. डोळे उघडे, नेहमीसारखे. मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि मीही मिटले.

तिसऱ्या रांगेत सिस्टरबाई बसल्या होत्या. पस्तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. पुढे सगळं बाहेर आलं तेव्हा त्या मला फार शांतपणे म्हणाल्या, "घास अडकतो, एवढे दोन शब्द माझ्या कानावर आले असते ना, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तळेगावच्या दवाखान्यात घेऊन गेले असते. प्रकृती तर सगळ्यांचीच असते गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी गेलं नाही. ते दवाखान्यात गेले तीन महिन्यांनी, शाल पांघरून चालताना तोल गेला तेव्हा. अन्ननलिकेची गाठ. डॉक्टरांना मी विचारलं की तीन महिने आधी आलो असतो तर? त्यांनी सांगितलं की सांगता येत नाही. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. मला दोन्हीपैकी एक उत्तर हवं होतं. कुठलंही चाललं असतं.

भाऊंनाही मी विचारलं. एवढं होत होतं तर आपणहून डॉक्टरकडे का गेला नाहीत, आणि मी तसं वाचलं तेव्हा का बोलला नाहीत. ते तेव्हा उशीला टेकून बसलेले असत आणि आवाज घोगरा झाला होता. ते म्हणाले की दातांचं असेल असं आधी वाटलं, मग वयाचं. मग चिठ्ठी दिली. चिठ्ठी दिल्यावर आता कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघितली.

"कुनी बोललं न्हाई. म्हटलं, मंग तसं काय नसंल."

आणि मी चुकीचं वाचलं ते?

"म्या म्हटलं, वहीबाईंनी इचार करून लिवलं असंल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं पडलं असतं.

एकदा, फार पूर्वी, मी त्यांना विचारलं होतं की बायकोच्या आजारात तुम्ही काय मागितलं होतं. त्यांनी सांगितलं की एकदा उठून बसू दे, आणि उन्हात पाच मिनिटं, असं मागितलं होतं. ते मिळालं नाही. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि ते शोधायलाही गेले नव्हते. "पन मागायचं राहिलं, असं न्हाई झालं," एवढंच म्हणाले होते. हे वाक्य मला त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात रोज आठवत होतं. त्यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं, आणि ते माझ्या अक्षरात.

मी क्रमाने लिहिणारी बाई आहे, पण हे लिहिताना क्रम राहिला नाही. ते माघात गेले. दफनाला बरेच लोक होते, रेल्वेतले जुने सहकारीही आले होते. औंढ्याच्या मावशी पहिल्यांदाच ख्रिस्ती दफनाला आल्या आणि नारळ कुठे ठेवायचा म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, ठेवा कुठेही. त्यांनी तो पायाशी ठेवला, आणि कुणी काढला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता माझे वडील अजून खिडकीशी जाऊन बसतात. शेजारची खुर्ची रिकामी असते. मी कधीकधी बसते तिथे. "लाल रिक्षा," मी म्हणते. ते माझ्याकडे बघतात, मग पुन्हा रस्त्याकडे. त्यांना माझा आवाज नको असतो. चिठ्ठ्यांचा नियम मी काढून टाकला. रकानेही काढले. सभा पुन्हा दोन तास चालते, लोक कुरकुरतात. मी ऐकते आणि सांगितलं तसं लिहिते, शब्दही न बदलता. हे करून काही भरून येत नाही, हे मला कळतं.

आता ती दुपार सांगते आणि संपवते.

ते जाण्याच्या दोन आठवडे आधीची. सिस्टरबाई आणि मी दोघी दवाखान्यात होतो. पोटात नळी घालून तिच्यातून अन्न देत होते, तोंडाने काही नाही. मी कसे आहात विचारलं. भाऊ म्हणाले, "चहा."

सिस्टरबाई डॉक्टरांकडे गेल्या आणि परवानगी घेऊन आल्या. एकच चमचा, सरळ बसवून, सावकाश. उतरला नाही तर पुन्हा द्यायचा नाही. त्यांनी खालून चहा आणला आणि कपात फुंकर घालत उभ्या राहिल्या. मी सवयीने पिशवीतून वही काढली आणि पेन शोधायला लागले. भाऊ वहीकडे बघत होते. मी ती परत पिशवीत ठेवली.

मग मी त्यांच्या पलंगाशी उभी राहून प्रार्थना केली. मोठ्याने, शेजारच्या पलंगावरची माणसं ऐकत असताना. मी डोळे मिटले नाहीत.

"प्रभू, भाऊंना चहा पाहिजे. एक चमचा. साखर घातलेला. तो घशाखाली उतरला पाहिजे. चारच्या आत."

सिस्टरबाई शेजारून म्हणाल्या, "एक चमचा चहा. खाली उतरला पाहिजे. चारच्या आत."

आम्ही त्यांना सरळ बसवलं. सिस्टरबाईंनी चमचा ओठाला लावला. भाऊंनी चहा तोंडात घेतला आणि तसाच ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. सिस्टरबाईंनी दुसऱ्या हातात टॉवेल तयार धरला होता. माझे डोळे उघडे होते, म्हणून मला दिसलं. कंठमणी वर गेला, थांबला, आणि खाली आला. ठसका लागला नाही. ते तोंड मिटून, समोर कुठेतरी लांब बघत बसले होते, जणू बोगद्याच्या तोंडाशी काही दिसायची वाट बघतायत. मग त्यांनी श्वास सोडला.

"किती वाजलं?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळ बघितलं. चारला सात मिनिटं कमी होती. मी तसं सांगितलं.

"राइट टाइम," भाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे बघत थांबले.

"राइट टाइम," मी म्हटलं.